पिशवी, गाठ, जखम : अहवालातील शब्दांचा खरा अर्थ



चिपळूणहून गुहागरला येणारी एसटी रामपूर सोडून मार्गताम्हाण्याकडे निघाली, की कोणीतरी मांडीवरच्या पिशवीतून लांबट पाकीट बाहेर काढते. सोनोग्राफीचा अहवाल प्रथम वाचला जातो तो तिथे, हलत्या गाडीत. घरी पोचल्यावर स्वयंपाकघर वाट पाहत असते, दुकानातून माणसे जेवायला यायची असतात, सूर्यास्तापूर्वी सारे आवरायचे असते. वाचायला उसंत मिळते ती एवढीच. अक्षरे लागतात, शब्द लागत नाहीत, आणि न कळलेल्या शब्दाचा अर्थ मन आपल्या भीतीप्रमाणे लावून मोकळे होते.

गेल्या महिन्यात पेठेतील एक सून असाच कागद घेऊन माझ्याकडे आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वय बेचाळीस, दोन मुलांची आई, सोबत धाकटी जाऊ. खुर्चीवर बसण्यापूर्वीच म्हणाली, "ताई, पिशवी सुजली आहे, उलटी झाली आहे आणि तोंडाशी गाठी आहेत. मावशी म्हणतात, मुले झाली, आता काढूनच टाक. तारीख कधीची घेऊ?"

कागदावर तीन शब्द होते: बल्की, रेट्रोव्हर्टेड आणि नाबोथियन सिस्ट. तिन्हींचा अर्थ तिने बरोबर लावला होता असे शब्दकोश म्हणेल. वैद्यक म्हणणार नाही.

गर्भाशय हा साधारण मुठीएवढा, सात-आठ सेंटीमीटर लांबीचा स्नायूंचा अवयव आहे. बाळंतपणे झाली की तो पूर्ववत होतो, परंतु अगदी कुमारवयातल्या मापाला परत जात नाही. 'बल्की' म्हणजे थोराड, एवढेच. तो 'सुजलेला' नसतो. कधी थोराडपणामागे फायब्रॉइड किंवा अ‍ॅडिनोमायोसिस असते. पण तसे असल्यास अहवालात ते नाव वेगळे लिहिलेले असते. नुसता 'बल्की' हा शब्द रोगाचे नाव नव्हे. 'रेट्रोव्हर्टेड', ज्याचे 'आर. व्ही.' असे संक्षिप्त रूप अहवालात दिसते, म्हणजे पुढे झुकण्याऐवजी मागे झुकलेले गर्भाशय. पाचांतील एखाद्या स्त्रीचे ते जन्मतः तसेच असते. डावखुरे असणे हा जसा आजार नाही, तसाच हाही नाही. आणि नाबोथियन सिस्ट म्हणजे गर्भाशयाच्या मुखाशी असलेल्या एखाद्या सूक्ष्म ग्रंथीचे तोंड बुजून आत स्राव साचल्याने आलेला बुडबुडा. तो कर्करोग नाही, कर्करोगाची पहिली पायरीही नाही. त्याला औषध लागत नाही.

येथे आपल्या भाषेची एक अडचण नोंदवावीशी वाटते. मराठीत 'गाठ' हा शब्द फार उदार आहे. पाण्याने भरलेला सिस्ट, स्नायूंचा घट्ट फायब्रॉइड, पाळीत पडणारे साकळलेले रक्त, काखेतली सुजलेली ग्रंथी आणि कर्करोग या सर्वांना आपण गाठच म्हणतो. ज्या घरांत खातेवही चोख असते, तिथे तूर, तांदूळ आणि तीळ एकाच 'माल' या नावाखाली कोणी लिहीत नाही. तेव्हा "गाठ आहे" असे कोणी सांगितले तर पहिला प्रश्न हाच विचारावा: पाण्याची की घट्ट? आणि घट्ट असेल तर कुठे? फायब्रॉइड गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगाला असेल तर तो पाच सेंटीमीटरचा असूनही वर्षानुवर्षे काही त्रास देत नाही. आतल्या पोकळीत डोकावणारा, ज्याला 'सबम्युकोसल' म्हणतात, तो दीड सेंटीमीटरचा असला तरी रक्तस्रावाने बेजार करतो. आकड्यापेक्षा जागा महत्त्वाची. फायब्रॉइडचा कर्करोग होणे अत्यंत विरळ आहे, आणि पाळी गेल्यानंतर बहुतेक फायब्रॉइड आपोआप आक्रसतात.

हे सारे ऐकून त्या सुनेचा चेहरा सैल झाला. परंतु माझा झाला नव्हता. कारण पाकिटात आणखी एक, घडी घातलेला कागद होता आणि त्यावर हिमोग्लोबिनसमोर ७.८ असा आकडा होता. त्याच्याभोवती कोणी खूण केली नव्हती. त्याची भीती कोणालाच वाटली नव्हती.

पाळी कशी असते, असे विचारले तेव्हा उत्तर आले, "ठीक असते." ठीक म्हणजे किती दिवस? नऊ. पॅड किती वेळाने बदलावे लागते? पहिले तीन दिवस दर दीड-दोन तासांनी. रक्ताच्या गाठी? दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या. आईलाही असेच व्हायचे, म्हणून ते ठीक. भगिनींनो, सात दिवसांहून अधिक चालणारी, दर दोन तासांच्या आत पॅड भिजवणारी किंवा एवढ्या मोठ्या गाठी पडणारी पाळी ठीक नव्हे. तिला पूर्वी 'मेनोरेजिया' म्हणत; आता अहवालात 'ए. यू. बी.' ही तीन अक्षरे दिसतील. त्यांचा अर्थ, गर्भाशयातून होणारा अस्वाभाविक रक्तस्राव. जमेपेक्षा खर्च दरमहा अधिक असेल तर पेढी किती दिवस चालेल, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

हिमोग्लोबिन गर्भवती नसलेल्या स्त्रीत १२ आणि गर्भवतीत ११ च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात. गर्भवती नसलेल्या स्त्रीत ८ च्या खाली तो तीव्र समजला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. हा केवळ गरिबाघरचा आजार नव्हे. जिना चढताना धाप लागणे, केस गळणे, दुपारी डोके जड होणे, चिडचिड, हे सारे आपल्याकडे 'वय झाले' या सदरात जमा होते.

मग सल्ला मिळतो, "बीट खा." आपण कंदमूळ खात नाही, आणि अनेक भगिनींना वाटते की त्यामुळेच आपले रक्त वाढत नाही. हा अपराधीपणा सोडून द्यावा. बीटचा रंग लाल आहे, त्यातील लोह मात्र शंभर ग्रॅमला एक मिलिग्रॅमच्या आसपासच असते. हळीव, तीळ, मटकी, हरभरा, राजगिरा यांत त्याहून पुष्कळ अधिक लोह आहे. सोबत आवळा वा लिंबू घेतल्यास ते अधिक शोषले जाते, आणि जेवणाला लागून घेतलेला चहा ते अडवतो. चातुर्मासात पालेभाज्या बंद असतात, तेव्हा या धान्य-कडधान्यांकडे अधिक लक्ष द्यावे. परंतु हिमोग्लोबिन ७.८ असताना केवळ आहाराने ते भरून येत नाही, गोळी लागते. सकाळी नवकारशी पारल्यावर एक गोळी, लिंबूपाण्याबरोबर. दुधाबरोबर नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही. पोट बिघडत असेल तर दिवसाआड घेतली तरी चालते, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे म्हणजे प्राणिज असते. अनेक भगिनी ते कळल्यावर औषध गुपचूप फेकून देतात आणि पुढच्या भेटीत "घेतले" असे सांगतात. त्यापेक्षा पहिल्या दिवशीच "गोळी किंवा वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल द्या" असे स्पष्ट म्हणावे. बहुतेक वेळा पर्याय मिळतो.

त्याच कागदावर 'एम. सी. व्ही.' असतो. तो तांबड्या पेशीचा आकार सांगतो. ८० ते १०० हे साधारण माप. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात. शुद्ध शाकाहारी घरांत नेहमी आढळणारी बी-१२ ची उणीव असेल तर मोठ्या. दोन्ही उणिवा एकत्र असल्या की सरासरी मध्यावर येते आणि अहवाल साळसूद दिसतो. म्हणून बी-१२ वेगळे तपासून घ्यावे, विशेषतः हातापायांना मुंग्या येत असतील तर. एम. सी. व्ही. फार कमी आहे आणि तीन महिने लोह घेऊनही रक्त वाढत नाही, असे असेल तर थॅलेसेमिया मायनरची तपासणी करावी. गुजराती, कच्छी, सिंधी समाजांत या दोषाचे वाहक देशाच्या सरासरीपेक्षा अधिक आढळले आहेत. वाहक स्वतः आजारी नसतो. पण पतिपत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता गंभीर थॅलेसेमियाची राहते. लग्न जुळवताना पत्रिका आणि पेढ्या पाहण्याची आपली रीत आहे. त्यात ही एक रक्ततपासणी घालायला काय हरकत आहे?

आता 'जखम' या शब्दाकडे येते, कारण या तीन शब्दांत सर्वाधिक नुकसान त्याने केले आहे. गर्भाशयमुखाच्या आतील मऊ, लालसर अस्तर कधी कधी थोडे बाहेर दिसते. तरुण वयात, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या घेताना हे सहज घडते. जुन्या डॉक्टरांनी त्याला 'सर्व्हायकल इरोजन' म्हटले, आणि इरोजन म्हणजे झीज, झीज म्हणजे जखम, असे भाषांतर होत होत "पिशवीच्या तोंडाला जखम आहे, उद्या कॅन्सर होईल" इथपर्यंत वाक्य पोचले. तिथे जखम नसते. नवे नाव 'एक्ट्रोपियन' आहे, आणि त्याचा अर्थ केवळ 'बाहेर वळलेले' असा आहे.

या भीतीची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी ओरड झाल्यावर २०१९ मध्ये शासनाने पाहणी करविली. तपासलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजार ८०० हून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. त्यांच्यामागे मुकादमाचा खाडा होता, म्हणजे पाळीमुळे एक दिवस काम बुडाले तर कापला जाणारा पैसा. आणि त्यांच्या कानावर घातलेली कर्करोगाची भीती होती. आपल्या घरांत मुकादम नाही. पण "मुले झाली, आता पिशवीचा उपयोग काय" हे वाक्य आपल्याही माजघरात ऐकू येते, आणि त्यात दर महिन्याच्या अडचणीपासून, देवदर्शनाला मुकण्यापासून सुटका मिळेल हा हिशेबही नकळत मिसळलेला असतो. मोठ्या शस्त्रक्रियेचा निर्णय अशा हिशेबावर होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

'हिस्टरेक्टॉमी' म्हणजे गर्भाशय काढणे. तिच्यासोबत 'बी. एस. ओ.' ही अक्षरे असतील तर दोन्ही अंडाशयेही काढायची आहेत. हे दोन वेगळे निर्णय आहेत. पंचेचाळिशीच्या आत अंडाशये गेली की पाळीबरोबर हाडांचे आणि हृदयाचे नैसर्गिक संरक्षणही एका दिवसात जाते. कित्येक स्त्रियांना आपली अंडाशये ठेवली की काढली हेच ठाऊक नसते. शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवावा. जमिनीच्या कागदांइतकाच तो कामाचा आहे. आणि संमतीची सही करण्यापूर्वी विचारावे की गोळ्यांनी, हार्मोनयुक्त तांबीने किंवा केवळ फायब्रॉइड काढून भागणार नाही का. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. दुसरे मत घेण्यासाठी आपल्याला चिपळूण, डेरवणचे वालावलकर रुग्णालय किंवा रत्नागिरी गाठता येते. दिवस मोडतो हे खरे, पण गर्भाशय एकदाच काढता येते.

जखमेची भीती खोटी, म्हणून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची भीती खोटी असे मात्र नव्हे. तो ओळखण्याची साधी वाट उपलब्ध आहे, आणि तिचा एक मोठा पुरावा मराठी मुलखातलाच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साह्याने ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच एच. पी. व्ही. ची तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते. (तुलनेसाठी एका गटाची तपासणी केलीच नाही याबद्दल पुढे टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते.) एच. पी. व्ही. हे विषाणूचे नाव आहे. तपासणी 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे कर्करोग झाला असे नाही; विषाणू आहे, पुढे पाहायला हवे, एवढाच अर्थ. बहुतेकींचे शरीर तो एक-दोन वर्षांत स्वतःच घालवते. पॅप स्मिअरच्या अहवालातील 'इन्फ्लमेटरी' म्हणजे दाह, आणि 'निगेटिव्ह' ही चांगली बातमी. व्यापारात उणे चिन्ह वाईट असते म्हणून की काय, एका काकूंनी 'निगेटिव्ह' वाचून दोन दिवस अन्न सोडले होते.

अशीच फसगत मॅमोग्राफीच्या 'बायरॅड्स' आकड्याची होते. बायरॅड्स २ म्हणजे कर्करोगाची दुसरी पायरी नव्हे. दिसले ते निरुपद्रवी आहे असा त्याचा अर्थ. शून्य म्हणजे चित्र अपुरे, पुन्हा काढा. तीनला सहा महिन्यांनी परत पाहतात. चार आणि पाचला मात्र तुकडा तपासणे टाळू नये.

आतापर्यंत विनाकारण घाबरविणारे शब्द पाहिले. याच्या उलट, ज्याने घाबरावे असा शब्दच आपल्याकडे नाही, अशीही एक स्थिती आहे. शृंगारतळीच्या बाजूच्या एक एकसष्ट वर्षांच्या आजी. पाळी जाऊन दहा वर्षे झालेली. "थोडे डाग लागतात" हे त्यांनी सुनेला सांगितले तेव्हा चौदा महिने लोटले होते. का सांगितले नाही? "अंगावर जाते, ते काय सांगायचे!" अंगावर जाणे या दोन शब्दांत आपण पांढरे जाणे, लाल जाणे, पाळी असताना जाणे आणि पाळी संपल्यावर जाणे, सारे कोंबले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. पुढे राणीताईंनी या स्त्रियांच्या तोंडचे शब्द कान देऊन ऐकले, त्यावर लिहिले. स्त्री बोलत नाही असे आपण म्हणतो. ती बोलते, पण तिचा शब्द आणि डॉक्टरचा शब्द एकमेकांना भेटत नाहीत.

म्हणून हे ठळकपणे लिहिते. पाळी पूर्ण बारा महिने बंद राहिली की तिला रजोनिवृत्ती म्हणतात. त्यानंतर रक्ताचा एकही डाग लागला, गुलाबी असो वा तपकिरी, एकदाच लागला असो, तर त्याच आठवड्यात दाखवावे. नव्वद टक्क्यांच्या आसपास स्त्रियांत कारण साधे निघते, अस्तर कोरडे व पातळ होण्यासारखे. उरलेल्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असू शकतो, आणि तो वेळीच सापडला तर शस्त्रक्रियेने बरा होण्याची शक्यता फार चांगली असते. सोनोग्राफीत 'ई. टी.' म्हणजे अस्तराची जाडी पाहतात. पाळी चालू असलेल्या स्त्रीत ती महिनाभर बदलत राहते, चौदा मिलिमीटरही स्वाभाविक असू शकते. पाळी गेल्यावर डाग लागत असतील आणि जाडी चारपेक्षा अधिक असेल, तर अस्तराचा नमुना तपासावाच लागतो. त्या आजींची नऊ होती. त्यांचे गर्भाशय काढावे लागले, नंतर किरणोपचारही घ्यावे लागले. आज त्या पुन्हा नातवाच्या दुकानात गल्ल्यावर बसतात आणि सुट्ट्या पैशांवरून गिऱ्हाइकांशी वाद घालतात.

पर्युषण जवळ आले आहे, त्यामुळे एका गोळीविषयी लिहिणे भाग आहे. पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतली जाणारी नॉरएथिस्टेरॉन ही गोळी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय, शेजारणीच्या सांगण्यावरून आणली जाते. सामान्यतः ती अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करून दिवसातून तीनदा घ्यावी लागते. ज्यांना कधी पायाच्या शिरेत रक्त साकळले आहे, ज्यांना यकृताचा विकार किंवा दृष्टीपुढे चमक आणणारी अर्धशिशी आहे, स्तनाचा कर्करोग झाला आहे, किंवा गर्भ राहिल्याची शंका आहे, त्यांनी ती घेऊ नये. उपवासात पाणी कमी जाते, तेव्हा रक्त साकळण्याचा धोका आणखी वाढतो. आणि व्यवहारातली अडचण अशी, की सूर्यास्तानंतरची गोळी चुकते, मग ऐन पर्वात डाग लागू लागतात आणि सारी खटपट वाया जाते. घ्यायचीच असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलावे.

त्या सुनेने यंदा अठाई करण्याचे मनात धरले होते. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन तीन-चार आठवड्यांत एक-दोन अंकांनी वाढते. पर्वापूर्वी अकराला पोचणे कठीण होते. मी 'करू नका' असे म्हटले नाही, आकडे पुढे ठेवले. दुसऱ्या भेटीला सासूबाई स्वतः सोबत आल्या. त्यांनी अहवाल हातात घेतला, ७.८ वर बोट ठेवले आणि विचारले, "हा आकडा माझाही बघता येईल का?" सुनेने यंदा बियासणे करायचे ठरविले आहे, शस्त्रक्रियेची तारीख घेतलेली नाही, आणि रक्तस्राव आटोक्यात आणणाऱ्या गोळ्या सुरू आहेत. सासूबाईंचे हिमोग्लोबिन ९.४ निघाले.

पुढील अंकात थायरॉइडच्या अहवालातील तीन आकडे पाहू. आपले जुने अहवाल असतील तर काढून ठेवावेत.